दोन आकड्यांची बेरीज

बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की आम्हा मराठीच्या अध्यापकांचीही प्रवेशाच्या टेबलावर बसण्याची पाळी लागते. अर्जाला जोडलेल्या गुणपत्रिका पाहणे, झेरॉक्सवर सही-शिक्का आहे की नाही ते तपासणे, शुल्क कुठल्या खिडकीवर भरायचे ते सांगणे, असे ते यांत्रिक काम. पण वर्षानुवर्षे ते केल्यावर एक गोष्ट नजरेत भरू लागली. बारावीच्या गुणपत्रिकेमागे दहावीची गुणपत्रिका जोडलेली असते आणि तीत पुष्कळदा दोन आकडे एकमेकांशी फटकून असतात : मराठीत ८६, गणितात ३८, मराठीत ९०, गणितात काठावरचे ३५. सोबत आलेले वडील आम्ही काही विचारण्याआधीच खुलासा करतात, "सर, ह्याचं गणित कच्चं होतं, म्हणून आर्ट्‌सला घातला." भाषा चांगली होती म्हणून घातला, असे सांगणारा पालक आम्हाला क्वचितच भेटला. म्हणजे ज्या शाखेत आम्ही उमेदीची वर्षे घालवली, तिच्यात विद्यार्थी येतो तो बहुधा वरच्या आकड्याच्या बळावर नव्हे, तर खालच्या आकड्याने ढकलला गेल्यामुळे. आणि पहिल्या तासापासून आम्हीही त्याच्याकडे त्याच नजरेने पाहू लागतो, हे कबूल करायला हवे.

या कबुलीतून प्रस्तुत लेखाचा प्रश्न निघाला आहे. एकाच विद्यार्थ्याच्या दोन विषयांतील गुणांत मोठी तफावत असेल, तर प्रवेश देणाऱ्या संस्थेने तिचे काय करावे? दोन्ही आकड्यांची बेरीज करावी, खालच्या आकड्यावर बोट ठेवून दार बंद करावे, की आपल्या कामाचा आकडा तेवढा वेगळा वाचावा? हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. पण त्याचा सर्वांत बोलका इतिहास अमेरिकेतील 'सॅट' या प्रवेशपरीक्षेत सापडतो, कारण तिचा निकाल गेल्या आठ दशकांत बहुतांश काळ दोन आकड्यांतच लागत आला आहे : एक भाषेचा, एक गणिताचा.

सॅटच्या आधीची परिस्थिती पाहू. १९०० साली अमेरिकेतील काही महाविद्यालयांनी मिळून 'कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड' स्थापन केले आणि १९०१च्या जूनमध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. परीक्षार्थी होते ९७३. इंग्रजी, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इतिहास, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र अशा नऊ विषयांचे लेखी पेपर होते आणि उत्तरे सविस्तर लिहायची होती. उत्तरपत्रिकांवर शेरे पडत ते 'उत्कृष्ट', 'चांगला', 'संशयास्पद', 'वाईट' आणि 'फार वाईट' अशा पाच पायऱ्यांचे. 'संशयास्पद' हा शेरा आम्हाला फार प्रामाणिक वाटतो. आपल्या पद्धतीत परीक्षकाला असा संशय व्यक्त करण्याची सोय नाही. ते असो. महत्त्वाची गोष्ट अशी की, लॅटिन उत्कृष्ट आणि भौतिकशास्त्र वाईट असलेल्या मुलाची या शेऱ्यांतून एक संख्या तयार होत नव्हती. शब्दांची बेरीज करता येत नाही. प्रत्येक शेरा आपापल्या विषयापुरता बोले आणि पुढचा निर्णय महाविद्यालयाला स्वतः घ्यावा लागे.

बेरजेची कल्पना आली ती सैन्यातून. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ साली उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली लाखो सैनिकांच्या बुद्धिमापन-चाचण्या घेण्यात आल्या. साक्षरांसाठी 'आर्मी अल्फा' आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी 'आर्मी बीटा' अशी त्यांची नावे. या कामात सहभागी असलेला प्रिन्स्टनचा तरुण मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम याने १९२३ साली 'अ स्टडी ऑफ अमेरिकन इंटेलिजन्स' हे पुस्तक लिहिले. सैनिकांचे गुण त्यांच्या वंशानुसार आणि मूळ देशानुसार मांडून, उत्तर युरोपातून आलेले लोक बुद्धीने वरचढ आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले कनिष्ठ, असा निष्कर्ष त्याने काढला होता. त्या काळच्या स्थलांतरविरोधी वातावरणाला हे पुस्तक मानवले, हे सांगायला नकोच. याच ब्रिगहॅमकडे बोर्डाने नव्या परीक्षेचे काम सोपवले आणि २३ जून १९२६ रोजी पहिली 'स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' झाली. ८,०४० विद्यार्थी बसले होते. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न आणि नऊ उपचाचण्या : शब्दांचे अर्थ, विरुद्धार्थ, साम्यसंबंध, संख्यामालिका, अंकगणित, एक कृत्रिम भाषा, असे सारे एकत्र. शब्द ओळखण्यात चलाख आणि अंकगणितात मंद असा मुलगा, आणि त्याच्या अगदी उलट असा दुसरा, हे दोघे त्या एकत्रित गुणात सारखेच दिसू शकत होते.

यानंतर जे घडले ते आम्हाला या इतिहासाचा गाभा वाटते. १९३० साली ब्रिगहॅमने एका लेखात आपल्याच पुस्तकाचे निष्कर्ष मागे घेतले. त्याची कारणे त्याने भावनिक नव्हे, तांत्रिक दिली. सैन्याच्या चाचणीतील वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. जे भाग एकच गोष्ट मोजत नाहीत त्यांची बेरीज करून एक संख्या काढणे आणि तिला बुद्धिमत्ता म्हणणे अशास्त्रीय होते. अल्फा आणि बीटा यांना एका मापावर बसवणे तर अधिकच चूक होते. शिवाय या चाचण्यांत बरेचसे मोजले गेले होते ते अमेरिकन भाषेशी आणि जीवनाशी असलेले परिचितपण. अशा बेरजांवर उभारलेली वंशांची तुलना, स्वतःची धरून, निराधार होती, असे त्याने स्पष्ट म्हटले. आपल्या विद्वत्तेची इमारत आपणच पाडणारे अभ्यासक थोडे असतात. ब्रिगहॅमच्या पहिल्या पुस्तकाने केलेली हानी या माघारीने भरून निघाली नाही, पण माघारीचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

नेमक्या त्याच वर्षी, १९३० साली, सॅट भाषिक आणि गणिती अशा दोन विभागांत वाटली गेली. आधीची दोन वर्षे गणित वगळले गेले होते. ते आता स्वतंत्र आकडा घेऊन परत आले. १९३६मध्ये ते पुन्हा बाहेर गेले आणि १९४२पासून कायमचे आले. ब्रिगहॅमची माघार आणि परीक्षेचे हे विभाजन यांत थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. तरी दोन्हींमागचा विचार एकच आहे : भिन्न गोष्टी भिन्न आकड्यांत सांगाव्यात. सॅटचे दोन आकडे ही, या अर्थाने, बेरजेविरुद्ध नोंदवलेली हरकत होती.

हरकत नोंदली गेली खरी, पण बेरीज थांबली नाही. ती का थांबली नाही, हे समजण्यासाठी परीक्षेचा पुढचा विस्तार लक्षात घ्यावा लागतो. १९३३ साली हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या जेम्स कॉनंट यांना दूरच्या गावांतील हुशार मुले शिष्यवृत्ती देऊन आणायची होती आणि त्यासाठी त्यांचे सहकारी हेन्री चॉन्सी यांनी सॅटची निवड केली. महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, बोर्डाच्या जुन्या निबंधवजा परीक्षा बंद पडल्या आणि सॅट हीच मुख्य परीक्षा उरली. ब्रिगहॅमचा एका सामाईक चाचणी-संस्थेला विरोध होता. विक्रीत आणि विस्तारात गुंतलेली संस्था संशोधन विसरेल, अशी त्याला धास्ती होती. तो १९४३ साली वारला आणि १९४७ साली 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' स्थापन झाली. चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष. हजारोंच्या जागी लाखो अर्ज येऊ लागले, की वाचणाऱ्याला एक संख्या हवीशी वाटते. ८००पैकी दोन आकडे मिळून १६०० होतात. यादी लावायला ते सोपे पडते.

पण हे दोन आकडे बेरजेला योग्य तरी होते का? भाषिक विभागाचे माप १९४१च्या एप्रिलमध्ये परीक्षेला बसलेल्या दहा हजारांवर विद्यार्थ्यांवरून ठरले : त्यांची सरासरी म्हणजे ५००. गणिताचे माप पुढच्या वर्षी त्याला जोडले गेले. पुढे परीक्षार्थींचा समाज बदलत गेला, माप मात्र तेच राहिले. १९९०च्या दशकाच्या आरंभी भाषेची सरासरी ४२५च्या आणि गणिताची ४७५च्या आसपास येऊन ठेपली होती. याचा अर्थ वाचकांच्या लक्षात येईल. ज्या मुलीच्या गुणपत्रकावर दोन्ही विभागांत ४५० होते, ती दिसायला समतोल होती. प्रत्यक्षात ती भाषेत सरासरीच्या वर आणि गणितात सरासरीच्या खाली होती. समसमान दिसणारे आकडे असमान होते आणि अनेक असमान दिसणारे आकडे खरे तर समान होते. "माझी भाषा कच्ची आहे" असे केवळ दोन आकड्यांकडे पाहून मानणाऱ्या किती मुलांचा तो समज निव्वळ मापाच्या दोषातून आला असेल! १९९५ साली दोन्ही मापे पुन्हा ५००च्या आसपास आणली गेली.

बेरीज कशी करायची हा गणिताचा नव्हे, धोरणाचा प्रश्न असतो, याची आणखी दोन उदाहरणे देतो. 'नॅशनल मेरिट' शिष्यवृत्तीच्या निवडीसाठी सॅटचीच एक धाकटी परीक्षा वापरतात. तिच्या निर्देशांकात अनेक वर्षे भाषेचे गुण दुप्पट धरून त्यांत गणिताचे मिळवत. भाषेत ७० आणि गणितात ६० असणाऱ्याचा निर्देशांक २०० होई. तेच आकडे उलटे असतील तर १९०. मुलींवर अन्याय होतो अशी तक्रार झाल्यानंतर १९९७ साली या परीक्षेत लेखनाचा विभाग आला आणि हे सूत्र बदलले. पुढे २००५ साली सॅटमध्येही लेखनाचा तिसरा विभाग आला आणि एकूण गुण २४०० झाले. त्याबरोबर बेरजेतला भाषेचा वाटा निम्म्यावरून दोन तृतीयांश झाला. २०१६ साली वाचन आणि लेखन एकत्र करून परीक्षा पुन्हा १६०० गुणांची झाली आणि तो वाटा पूर्ववत निम्मा झाला. विद्यार्थी तेच, त्यांची कुवत तीच; वरखाली झाले ते रकान्यांच्या संख्येमुळे.

अनेक अमेरिकन महाविद्यालये आणखी एक सवलत देतात. विद्यार्थी परीक्षेला एकापेक्षा अधिक वेळा बसला असेल, तर प्रत्येक विभागातले त्याचे सर्वोत्तम गुण वेगवेगळ्या दिवसांचे असले तरी उचलून जोडायचे. पहिल्या खेपेस भाषेत ७०० व गणितात ६००, दुसऱ्या खेपेस भाषेत ६४० व गणितात ६९०. अर्जापुरते झाले ७०० अधिक ६९०, म्हणजे १३९०. एकूण १३९० गुण त्याने कुठल्याच दिवशी मिळवलेले नाहीत. तफावत मिटवण्याचा हा मार्ग दयाळू आहे खरा, पण तो पुन्हा पुन्हा शुल्क भरू शकणाऱ्यांना अधिक खुला आहे.

आता आपल्याकडे वळू. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्यांच्या परीक्षांचा कल बेरजेपेक्षा उंबरठ्यांकडे अधिक होता : प्रत्येक विषयात किमान गुण हवेत, एका उंबरठ्यावर अडखळला तो बाहेर. या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मद्रास इलाख्यातले आहे. श्रीनिवास रामानुजन १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात दाखल झाले ते शिष्यवृत्ती घेऊन. गणितात बुडून गेलेल्या या मुलाने बाकीच्या विषयांकडे पाठ फिरवली, तो इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातून तो एफ.ए.ला बसला, गणित सोडून अन्य विषयांनी पुन्हा दगा दिला. १९०७ साली खाजगीरीत्या बसूनही निकाल तोच. विद्यापीठाच्या दृष्टीने तो नापास विद्यार्थी होता आणि विद्यापीठाच्या नियमांत काही खोट नव्हती. १९१३ साली त्याने केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले, तेव्हा हार्डींनी त्याच्या इंग्रजी निबंधाचे गुण विचारले नाहीत. १९१६मध्ये केंब्रिजने त्याला संशोधनावर पदवी दिली आणि १९१८मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

रामानुजनची गोष्ट आपण नेहमी प्रतिभेचा विजय म्हणून सांगतो. तशी ती सांगण्यात एक सोय आहे : नियम नजरेआड होतो. रामानुजनला हार्डी भेटले. पण ज्याचा वरचा आकडा जगाला हादरवणारा नसून नुसता चांगला होता आणि खालच्या आकड्याने ज्याला घरी पाठवले, त्याची नोंद कुठल्या चरित्रात होणार?

शिवाय मुळात रकाने कोणते, हाही प्रश्न आहेच. मुंबई विद्यापीठाने १८६०च्या दशकात आपल्या उच्च परीक्षांतून मराठी व अन्य देशी भाषा वगळल्या आणि त्या पुन्हा याव्यात म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना दीर्घकाळ झटावे लागले. मधल्या पिढ्यांत मराठीवर उत्तम प्रभुत्व असलेल्या विद्यार्थ्याचा वरचा आकडा पदवीपरीक्षेत दिसायला जागाच नव्हती. त्याचा इंग्रजीचा आकडा तेवढा दिसे. आज मराठीत एम.ए. होऊन आम्ही पोट भरतो, ते तो रकाना कुणीतरी भांडून मिळवला म्हणून.

अलीकडच्या काळात या दोन आकड्यांची गाठ मराठी मुलांशी पुन्हा पडली ती 'जी.आर.ई.'च्या रूपाने. पुण्यामुंबईची अभियंता मुले पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या खोल्यांतल्या भिंतींवर अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या चिकटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. २०११पूर्वीच्या मापात गणिती विभागात ८००पैकी ८०० मिळवणारे इतके असत की त्या पूर्ण गुणांनी फारसे कुणी वेगळे ठरत नसे. भाषेतले ७०० मात्र दुर्मिळ असत. अभियांत्रिकीच्या विभागांनी बव्हंशी गणिताचा आकडा वाचला आणि भाषेच्या खालच्या आकड्याकडे काणाडोळा केला. ही मुले तिथे गेली, टिकली, नावारूपाला आली. खालच्या आकड्याला क्षमा करणारी संस्था मिळाली की काय होते, याचे उदाहरण आपल्या घराघरांत आहे. मात्र ही क्षमा भाषेच्या आकड्याला जितक्या सहज मिळते, तितक्या सहज गणिताच्या आकड्याला मिळत नाही.

आपल्या राज्यानेही एक तोडगा काढून पाहिला. २०१० साली अकरावीच्या प्रवेशांसाठी दहावीच्या सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण आले. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि धोरण टिकले. सर्वांत खालचा आकडा झाकून बेरीज करायची, असा हा मार्ग. पण झाकलेला आकडा पालकांच्या आणि मुलांच्या मनात उघडाच राहिला.

अमेरिकेत २०२०च्या महासाथीने सॅटची सक्ती बहुतेक ठिकाणी उठली. गुण हे कौटुंबिक उत्पन्नाची सावली आहेत, हा आक्षेप जुनाच होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर प्रवेशात हे गुण पाहणेच सोडले. मात्र २०२२च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने सक्ती परत आणली आणि तिचे कारण या लेखाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या संस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याला, विषय कुठलाही असो, कलनशास्त्र आणि त्यावर आधारलेले भौतिकशास्त्र शिकावेच लागते; तिथे कोण टिकेल याचा अंदाज बांधायला हे गुण, विशेषतः गणिताचे, उपयोगी पडतात, असे संस्थेने सांगितले. २०२४ साली डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनीही सक्ती परत आणली. मॅसॅच्युसेट्सच्या भूमिकेशी कुणी सहमत असो वा नसो, तीत एक स्पष्टता आहे. आम्हाला कोणता आकडा लागतो आणि का, हे त्या संस्थेने अभ्यासक्रमाकडे बोट दाखवून सांगितले.

आम्ही मराठी शिकवणाऱ्यांनी असे कधी सांगितले आहे का? आमच्या अभ्यासक्रमाला कोणता आकडा लागतो? ज्ञानेश्वरी वाचताना, मर्ढेकर समजून घेताना, व्याकरणाचा पेपर सोडवताना विद्यार्थ्याची कोणती शक्ती कामी येते, हे ठरवून ती गुणपत्रिकेत शोधण्याचे कष्ट आम्ही घेत नाही. आम्ही एकूण टक्केवारी पाहतो आणि गणिताच्या रकान्यावर नजर टाकून मनोमन "म्हणून इकडे आला" असे म्हणतो. नव्वद वर्षांहून अधिक काळ ज्या बेरजेवर ब्रिगहॅमचा आक्षेप छापील स्वरूपात उपलब्ध आहे, तीच बेरीज आम्ही टेबलावर बसून दरवर्षी करतो. तर्कशुद्ध विचाराला गणिताचा उपयोग नाही, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. भाषाशास्त्र शिकवताना त्याची उणीव जाणवतेही. पण उणीव जाणवणे वेगळे आणि उणिवेलाच विद्यार्थ्याची ओळख मानणे वेगळे.

गेल्या जूनमध्ये असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला. मराठीत ८८, गणितात ३६. वडिलांनी नेहमीचा खुलासा सुरू केला. त्यांना थांबवून आम्ही मुलाला विचारले, "मराठीत अठ्ठ्याऐंशी कसे मिळवलेस?" तो गोंधळला. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नसावा. बराच वेळ खाली पाहून तो म्हणाला, "आजोबांना दिसत नाही. त्यांना रोज पेपर वाचून दाखवतो." वडील आमच्याकडे पाहू लागले, मग मुलाकडे. आम्ही त्याचा अर्ज घेतला आणि नोंदीसाठी दहावीच्या गुणपत्रिकेवरचा पहिला रकाना पुन्हा एकदा वाचला.